आवारातले बूट

खडा नेमका उजव्या डोळ्यासमोर येऊन आपटला. टक्. कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या होत्या, मशीन भणभणत होतं, तेव्हा तो टक् ऐकू यायचं खरं तर काही कारण नव्हतं. तो तिला गालाच्या हाडाला कळला. शेवंतीने बोट ढिलं केलं, रेस खाली आली, मग अंगठ्याने लाल बटण दाबलं आणि गवत कापायचं ते धूड पट्ट्यावर लोंबकळत गप्प झालं. तोंडासमोरच्या जाड काचेवर एक पांढरा टवका उडाला होता, मेथीच्या दाण्याएवढा. काच नसती तर, इथपर्यंत तिच्या मनात आलं आणि पुढे तिने येऊ दिलं नाही. काच होती. मालवणच्या वेशीवरच्या त्या बंगल्याचे मालक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. तासाभरापूर्वी तिला हेल्मेट, काच, हातमोजे, पोटरीपर्यंतचे जाड बूट असं एकेक चढवताना बघून ते म्हणाले होते, "अहो मावशी, गवत कापताय की चंद्रावर निघालाय?" तेव्हा ती हसली होती. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं असतं, त्यात दात जात नाहीत. आता तिने काच वर केली आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांना काही कळलंच नव्हतं. त्यांनी कप उंचावून चहा घेणार का अशी खूण केली.

चहा पिताना बशी वाजत होती. ती तशी रोजच वाजते, दोन तास मशीन धरलं की बोटांतून मुंग्या जात नाहीत. पण आज छातीतही काहीतरी वाजत होतं. भीती म्हणावी तर भीती नव्हे. राग होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. खड्यावर रागावून काय उपयोग? चूक तिचीच होती. गवताला हात घालण्याआधी सगळी जागा चालून बघायची, खडे, तारा, फुटक्या बाटल्या वेचून बाजूला करायच्या, हा नियम. आणि आज मालक घड्याळ बघतायत म्हणून तिने कुंपणाकडची एक पट्टी तशीच सोडली होती. दुसऱ्याच्या घड्याळाने आपलं काम केलं की असं होतं. तिने खिशातून फोन काढला. दाजींचे तीन कॉल येऊन गेले होते. मशीन चालू असताना ती फोन घेत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं, दाजींनाही. पण देवस्थानचा मानकरी माणूस, त्यांना वाटतं आपला फोन वाजला की इंजिनसुद्धा आपोआप बंद पडत असेल. तिने फोन लावला.

"शेवंती, उद्या सकाळी देवळाकडे ये गो," दाजी म्हणाले. "जत्रा आठ दिसांर इली. आवारात माणूस बुडात इतक्या रान वाढलाहा. मशीन घेवन ये." आणि मग जरा थांबून, अगदी सहज, "आणि ता पायातला गडग्याभायर ठेव. तुका म्हायत आसा."

"बगतंय," शेवंती म्हणाली. आमच्याकडे 'बगतंय' या शब्दात होही असतो आणि नाहीही असतो, ज्याला जो पाहिजे तो त्याने घ्यावा. दाजींनी हो घेतला आणि फोन ठेवला. आणि शेवंतीला कळलं की राग कोणावर होता.

तुका म्हायत आसा. हो, तिला माहीत होतं. तिला त्या गावात इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आंबेखोल गावच्या सातेरी देवीच्या देवळाभोवती चिऱ्याचा गडगा आहे, छातीएवढी दगडी भिंत, आणि त्या गडग्याच्या आत कोणी पायात काही घालून जात नाही. पूर्वी जत्रेआधी बारा घरांतून बारा माणसं कोयत्या घेऊन यायची, अनवाणी, आणि दोन दिवसांत आवार लख्ख व्हायचं. कोयती हाताच्या मागे चालते. माणूस बघतो, मग कापतो. पण आता त्या बारा घरांतल्या सात घरांना कुलपं आहेत आणि चाव्या मुंबईला, उरलेल्यांत कोयती उचलेल असा एकच खांदा, तोही निखळून बसवलेला. म्हणून तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आवारात मशीन आलं. मशीन धनेशचं. धनेश म्हणजे तिचा नवरा. कलमांच्या आणि काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे पावसाळ्यानंतर झाडांखालचं सगळं रान काढणं, हा त्याचा धंदा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा मशीन चालवणारा नव्हता. बागेत तो बूट घातल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. त्या दिवशी त्याने गडग्यापाशी नुकतेच घेतलेले बूट काढले, मोजे घडी करून आत ठेवले, आणि बूट एकमेकांशेजारी नीट लावून आत गेला. ते बूट तिने संध्याकाळी घरी आणले तेव्हा त्यांना ओरखडासुद्धा नव्हता. ते नवे कोरे बूट बघून तिला जे वाटलं ते रक्त बघूनही वाटलं नव्हतं.

काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं नाही, पण आता ती स्वतः तीन वर्षं मशीन चालवते आणि तिला ते डोळ्यांनी पाहिल्यापेक्षा चांगलं कळतं. रान दाट होतं म्हणून त्याने नायलॉनच्या दोरीऐवजी लोखंडी पातं लावलं होतं. उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे, पाऊलपाऊल पुढे. आणि गवतात लाजाळू होती. लाजाळूचा काटा उघड्या टाचेत गेला की माणूस काय करतो? पाय उचलतो. इथे देवभक्तीचा संबंध नाही, पापपुण्याचा संबंध नाही, दोन महिन्यांचं पोरही पाय ओढून घेतं. पाय उचलला की तोल जातो, तोल गेला की मूठ आवळते, आणि मूठ आवळली की रेस वाढते. एवढंच. त्याने उचललेला पाय जिथे परत टेकला तिथे पातं होतं. डाव्या पायाची तीन बोटं. दाजींनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं फाडून पाय बांधला, ओरोसला नेलं, दोन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून राहिले, घरी जेवायलाही गेले नाहीत. हे शेवंती विसरली नव्हती. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं.

पण तिसऱ्या दिवशी गावात कारण शोधणं सुरू झालं. देवीच्या आवारात, देवीच्या कामात, असं होतंच कसं? काहीतरी चुकलं असणार. शेजारच्या आनंदीबाई पेज घेऊन आल्या आणि काळजीच्या आवाजात विचारलं, "सकाळी काय खावन गेललो गो तो?" आणि शेवंतीने, भोळसट बाईने, जे खरं ते सांगितलं. पेज खाल्ली. तोंडी लावायला रात्रीची गोलम्याची चटणी उरली होती, सुक्या बारीक कोलंबीची, ती वाढली. चमचाभर. आनंदीबाईंनी नुसता श्वास आत घेतला. संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. कारण सापडलं होतं. देवळाच्या कामाला जाताना मासळी खाल्ली, मग दुसरं काय व्हायचं? 'बायलेन वाढल्यान कसा?' हाही प्रश्न मागोमाग आलाच. देवी सुटली, दाजी सुटले, गडगा सुटला, लाजाळू सुटली. तीन बोटं आणि एक चमचा चटणी, एवढाच हिशेब राहिला, आणि तो या दोघांच्या घरात आणून ठेवला गेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की धनेशने तो मान्य केला. मालवणी माणूस, ताटात मासा नसेल तर जेवलो असं न म्हणणारा. त्याने त्या दिवसापासून मासळी सोडली. बाजारातून जाताना मान खाली घालून जातो. देवळाच्या आवारात पाऊल टाकत नाही. जत्रेला गडग्याबाहेर उभं राहून हात जोडतो आणि परत फिरतो. आपल्याच पायाची त्याला लाज वाटते, आणि लाज वाटायला त्याने केलं काय? सांगितलं म्हणून बूट काढले. शेवंतीला कधीकधी त्याचा इतका राग येई की त्याच्यासमोर बसून मुद्दाम बांगडा खावासा वाटे. खाल्ला नाही कधी. घशाखाली उतरला नसता.

बंगल्याचं उरलेलं काम तिने पहिल्यापासून केलं. सोडलेली पट्टी चालून काढली, ओंजळभर खडे, एक बाटलीचं बूड, हातभर गंजकी तार. मालक म्हणाले, "आता ते कशाला? संपत आलंय की." ती म्हणाली, "संपत आलं तेव्हाच लागतं, साहेब." कान झाकले की बाहेरचं जग बंद होतं आणि आतलं सुरू होतं, हे तिला या मशीननेच शिकवलं. बायका तिला विचारतात, तुका भय नाय वाटत? पहिल्यांदा वाटलं होतं. धनेश खाटेवर होता, बागवाले फोनवर फोन करत होते, आणि मशीन पडवीत टांगलेलं. तालुक्याला दोन दिवसांचं शिबिर झालं तिथे ती एकटी बाई. शिकवणारा पोरगेला साहेब पुस्तकातलं चित्र दाखवून म्हणाला, हा बघा ऑपरेटर, याने काय काय घातलंय ते सांगा. सगळ्यांनी हेल्मेट, चष्मा, हातमोजे सांगितलं. शेवंती म्हणाली, "बूट." आणि मग तिथेच, चाळीस बाप्यांसमोर, तिला रडू कोसळलं. साहेबाला वाटलं आपलं काही चुकलं. धनेशचेच बूट ती घालते. दोन नंबर मोठे आहेत, पुढे चिंध्या कोंबून घालते. दहा-बारा पुरुष तिला गड्यासारखी चालते म्हणून हसले, मग त्यातल्याच निम्म्यांनी आपल्या बागा तिला दिल्या. हसू द्या. तिच्या दोन्ही पायांना मिळून दहा बोटं आहेत.

संध्याकाळी घरी पडवीत धनेश मशीनची दोरी भरत बसला होता. मशीन चालवत नाही, पण त्याची सगळी सेवा तोच करतो. पेट्रोलात ऑइल मोजून घालतो, तेही इंजिन पुरतं थंड झाल्यावर, पट्ट्याची शिवण बघतो, मशीनच्या फिरत्या डोक्यातली, गवत कापायची नायलॉनची दोरी खेचून खेचून गुंडाळतो. तिने काचेवरचा टवका दाखवला. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि नवी काच आणायला हवी म्हणून मान हलवली. मग तिने दाजींचं सांगितलं. त्याने दोरीचा आणखी एक वेढा आवळला.

"काढ बूट," तो म्हणाला. "दोन तासांचो प्रश्न आसा."

"तुझा कितक्या मिनटांत झाला?"

"ता येगळा."

"कसा येगळा?"

"मी खाल्लंय होतंय ना," धनेश म्हणाला. इतक्या सरळपणे म्हणाला, जणू कोणी त्याला गाव विचारलं आणि त्याने गाव सांगितलं. "तू खावन जाव नको, काय जावचा नाय तुका."

याचा अर्थ असा होता की उद्या ती उपाशीपोटी, अनवाणी, आवारात गेली आणि सुखरूप बाहेर आली, तर ते सिद्ध झालं. मग जन्मभर सिद्ध. मग हा माणूस मरेपर्यंत म्हणणार, बघ, तुला काही झालं नाही, कारण तू खाल्लं नव्हतंस. आणि गाव म्हणणार, बघा. आणि गेली नाही, म्हणजे नाहीच म्हणून घरी बसली, तरी तेच. भिऊन बसली म्हणतील, म्हणजे खाल्ल्याचंच खरं. तिच्या बुटांचा प्रश्न नव्हताच हा. धनेशचा पाय कोणी तोडला हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न तीन वर्षं गावात अनवाणी हिंडत होता, कोणी त्याला दारात घेत नव्हतं. तिला अचानक हलकं वाटलं. उद्या जायचं. बूट घालून जायचं. देवी रागावली तर रागावू दे, देवीशी ती बोलेल. देवी तिचीही आहे, लग्नाला तिचाच कौल घेतला होता. माणसांना मात्र तिला जे सांगायचं आहे ते बुटांतूनच सांगायला हवं.

"तू येतलंस," ती धनेशला म्हणाली. "कॅन घेवन गडग्याभायर उभो ऱ्हव. आत येव नको म्हणशीत तर नको."

सकाळी आठला दव सुकायच्या बेतात होतं. धनेशने स्कूटर वडाखाली लावली आणि कॅन घेऊन गडग्याच्या पलीकडे, नेहमीच्या जागी, उभा राहिला. आत सभामंडपाच्या पायरीवर दाजी आणि आणखी तिघे मानकरी बसले होते. गुरव गुरुदास, जो दहानंतर पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, तो सोवळं नेसून पूजा उरकत होता. शेवंतीने गडग्यापाशी मशीन उतरवलं आणि बूट काढले. मोजे काढले. दाजींनी मान डोलावली, शहाणी बाई, अशी. ती फरशीच्या वाटेने अनवाणी आत गेली, सातेरीसमोर डोकं टेकलं, जरा वेळ तशीच राहिली. फरशी गार होती आणि तिला फार बरं वाटत होतं. मग उठली, त्याच वाटेने गडग्यापाशी परत आली, दगडावर बसली, मोजे चढवले, चिंध्या सारख्या केल्या आणि बूट घातले. बंद दोनदा आवळले. पट्टा खांद्यावर घेतला, हेल्मेट घातलं, आणि गडग्याच्या आत, गवतात पाऊल टाकलं.

"शेवंती! ह्या काय?" दाजी उभेच राहिले.

"देवीसमोर अनवाणी गेलंय, दाजीनू. आता मशीन चालवतंय. मशीनासमोर बूट लागतत."

"गो, आजपर्यंत ह्या आवारात कोणाचा पायताण येवक नाय."

"मंडपवाल्याचो ट्रक येता. तेची सहा चाकां येतत. ती काय तो भायर काढून ठेयता?"

एक मानकरी फसकन हसला आणि लगेच खोकला. दाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि तेच शेवंतीला जड गेलं. सत्तरीचा माणूस, जन्मभर या गवतात अनवाणी वावरलेला, टाचा चिऱ्यासारख्या झालेल्या. त्यांना खरंच वाटत होतं की ती देवीचा अपमान करते आहे. एका शब्दाने सगळं मिटलं असतं, काढते म्हटलं की झालं, दाजींनी पाठीवर हात ठेवला असता. तिने पट्ट्याचा हूक घट्ट धरला.

"कौल घेवया," दाजी म्हणाले. "देवी काय म्हणता ता बगूया. माझा नाय, तुझा नाय." आणि सगळ्यांनी सुटल्यासारखे खांदे खाली टाकले. कौल म्हणजे संपलं. गुरव देवीच्या पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या लावणार, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारणार. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि त्यावर गावात अपील नाही. गुरुदास आत गेला, पाकळ्या लावल्या, दारात येऊन घसा साफ केला. शेवंतीच्या कपाळावर हेल्मेटखाली घाम आला. डावी पडली तर? कौल तिने कधी मोडला नव्हता. डावी पडली तर तिला देवीलाच नाही म्हणावं लागणार होतं, आणि ती म्हणणार होती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळल्याने ती इतकी घाबरली की तिचा आवाज फुटला.

"थांब, गुरुदास. प्रश्न चुकलोहा."

"चुकलो कसो?"

"बूट घालू काय, ह्या देवीक कित्या विचारतास? पाय माझे आसत. विचारूचा आसात तर जा विचारूचा ता विचारा. गाराणा आज मी घालतंय."

बाईने गाऱ्हाणं सांगायचं हे आंबेखोलात घडलेलं नव्हतं, पण तसं बाईने बूट घालून आवारात यायचं हेही नव्हतं, आणि एकदा पाणी डोक्यावरून गेलं की किती गेलं ते कोण मोजतो? गुरुदासने दाजींकडे बघितलं. शेवंतीने हात जोडले, हातमोज्यांसकट.

"बाय माझे सातेरी," ती म्हणाली. सुरुवातीला आवाज हलला, मग स्थिर झाला. "तीन वर्सां मागे तुझ्या ह्या आवारात धनेशचो पाय कापलो. तो तेना चमचोभर चटणी खाल्ल्यान म्हणान कापलो, काय तेका अनवाणी उभो केल्यानी म्हणान कापलो? खाल्ल्यामुळे असात तर डावी दी, मी हे बूट काढून तुझ्या पायरेर ठेवतंय आणि परत मशीनाक हात लावणंय नाय. उभो केल्यामुळे असात तर उजवी दी. उलगडो कर, बाय."

गाऱ्हाण्याचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं असतं, 'होय म्हाराजा'. त्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही असं मानतात. पायरीवरचे चारही पुरुष जन्मल्यापासून ते म्हणत आले होते, झोपेतून उठवलं तरी म्हणाले असते. आता कोणी म्हणालं नाही. एकाने फरशीवरची मुंगी बघितली, एकाने उपरणं सारखं केलं. दाजी समोर गवताकडे बघत होते. शेवंती हात जोडून उभी होती आणि तिला वाटलं, हे असंच राहणार. कोणी काही म्हणणार नाही, पाकळ्या तशाच सुकून जातील, आणि आपण जत्रेपर्यंत इथे उभ्या.

"होय म्हाराजा."

आवाज गडग्यापलीकडून आला. एकट्याचा, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. शेवंतीने मान वळवली. धनेशने कॅन खाली ठेवला होता आणि दोन्ही हात चिऱ्यावर टेकून तो आत बघत होता. रडत नव्हता, काही नव्हतं. त्याला फक्त उत्तर पाहिजे होतं. तीन वर्षांत त्यालाही ते पाहिजे होतं हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे आवार हललं.

गुरुदास गाभाऱ्याकडे वळणार तोच दाजींनी हात वर केला. "रे, कौल नको."

"दाजीनू, गाराणा घातलाहा..."

"नको म्हणतंय ना. देवीक त्रास कित्या? माका म्हायत आसा." दाजी पायरी उतरले. खाली गवतात उभे राहून त्यांनी एकदा तोंडावरून हात फिरवला. "तो तयार नाय होतो. 'दाजीनू, लाजाळू आसा, काटे आसत,' म्हणालो. मी म्हटलंय, देवीच्या आवारात काटो लागत नाय. तेवडा म्हटल्यार तेना बूट काढल्यान." ते थांबले. "ता मी कोणाक सांगूक नाय."

हे शेवंतीला माहीत नव्हतं. धनेशने तिला कधी सांगितलं नव्हतं. काटे आहेत असं आपण म्हणालो होतो, हे त्याने स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं बहुतेक. तिला वाटलं होतं हे कोणी बोललं की आपल्याला मोकळं वाटेल. मोकळं वाटलं नाही, संताप आला, इतका की दातांवर दात बसले. तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस हे वाक्य पोटात घेऊन नैवेद्य दाखवत होता, आणि तिकडे तिच्या घरात एक माणूस माशाच्या वासाला भिऊन जेवत होता.

"माका कित्या सांगतास?" ती म्हणाली. "तो थंय आसा. तेका सांगा."

दाजींनी मान हलवली. फरशीच्या वाटेने जाता आलं असतं, पण ते सरळ निघाले, कमरेएवढ्या गवतातून, अनवाणी, गडग्याकडे. दोनदा थांबले, पाय उचलून टाच चोळली आणि पुन्हा चालू लागले. काटे होते. शेवंतीने कानांवरच्या वाट्या वर ढकलून ठेवल्या, शब्द सुटायला नको म्हणून. गडग्यापाशी पोचल्यावर दाजींनी चिऱ्यावर हात ठेवला, धनेशच्या हाताशेजारी.

"धनेश," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "खाण्याचा काय नव्हता रे. चूक माझी."

धनेशने त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं, शेवंतीकडे, तिच्या बुटांकडे, पट्ट्याकडे, आणि त्याचा चेहरा एकदम बागेतल्या जुन्या धनेशचा झाला, ज्याच्यापुढे बागवालाही बोलत नसे.

"दाजीनू, ता मागसून बोलाया. आदी गडगो चढून हंय भायर येवा," तो म्हणाला, आणि दाजींना वर घ्यायला त्याने हात पुढे केला. "पन्नास फुटांत माणूस नको. ती मशीन चालू करतली."

दाजी त्याचा हात धरून गडगा चढले, पलीकडे उतरले आणि दोघे वडापलीकडे गेले. गुरुदास आणि पायरीवरचे तिघे न सांगता देवळामागून गडग्याबाहेर गेले. शेवंतीने आधी सगळं आवार चालून खडे वेचले, मग वाट्या कानांवर घेतल्या, काच खाली ओढली, आणि आवारात कोणी उरलं नाही हे पुन्हा एकदा बघून मशीन चालू करायची दोरी खेचली.